न मोजलेली गर्दी

तालुक्याच्या गावी प्रकाशझोतातले कबड्डीचे सामने ज्याने पाहिले आहेत, त्याला पुढचे दृश्य समजावून सांगावे लागणार नाही. दुपारी चाळलेल्या मातीवर पाणी मारलेले असते, रोलर फिरलेला असतो, फक्कीच्या पांढऱ्या रेषा अजून ओल्या असतात. पुढच्या रांगेतली मुले मांडी घालून राखीव क्षेत्राच्या रेषेला टेकलेली. त्यांच्यामागे उकिडवे बसलेले, त्यांच्यामागे उभे, त्यांच्याही मागे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आणि शाळेच्या भिंतीवर चढलेले. ध्वनिक्षेपकावरून मध्येच कोणा हौशी माणसाचे नाव पुकारले जाते आणि पुढच्या चढाईला एकशे एक रुपयांचे बक्षीस लागते. राहुरीच्या परिसरात, नगर–मनमाड रस्त्याच्या दोन्ही अंगांना, मुळेच्या पाण्यावर आणि उसावर उभ्या राहिलेल्या गावांत, हे दृश्य माझ्या पिढीने इतक्यांदा पाहिले आहे की त्याकडे इतिहास म्हणून पाहण्याची बुद्धी कोणाला झाली नाही.

दुसऱ्या दिवशी स्थानिक वृत्तपत्रात या सामन्यांची बातमी येते. विजेता संघ, उपविजेता संघ, पाहुण्यांची नावे, आणि शेवटी एक ठरलेले वाक्य: सामने पाहण्यासाठी क्रीडारसिकांची अलोट गर्दी झाली होती. कधी ‘अलोट’च्या जागी ‘तोबा’ येते, कधी ‘प्रचंड’. आकडा मात्र कधीच येत नाही. येणार तरी कसा? तिकीट नाही, दरवाजा नाही, कुंपणही नाही. जिथे आत आणि बाहेर यांच्यात रेषाच नाही, तिथे आत किती होते हे कोण सांगणार? या खेळाच्या प्रेक्षकांची नोंद आपण संख्येने केली नाही, विशेषणांनी केली. भाषेच्या अभ्यासकांना त्यात नवल वाटू नये. पण इतिहास लिहायला बसणाऱ्याची पंचाईत येथूनच सुरू होते.

कोणत्याही प्रादेशिक खेळाला आपले मोठेपण सिद्ध करायचे असले की दोन पुरावे मागितले जातात. किती लोक पाहायला येतात, आणि किती देश खेळतात. पहिला पुरावा गर्दीचा, दुसरा नकाशाचा. हे दोन्ही पुरावे कबड्डीच्या बाबतीत काय सांगतात आणि काय दडवतात, हे पाहण्यापूर्वी एका दूरच्या, पण नात्यातल्या वाटणाऱ्या खेळाकडे जाऊन येऊ.

*

रग्बी लीग हा तेरा खेळाडूंचा खेळ आपल्याकडे जवळपास अपरिचित आहे. त्याचा जन्म मजुरीच्या प्रश्नातून झाला. उत्तर इंग्लंडमधील खाणींत आणि कापडगिरण्यांत राबणारे खेळाडू शनिवारी सामन्याला गेले की त्यांची मजुरी बुडे. ती भरून द्यावी, असे उत्तरेकडच्या क्लबांचे म्हणणे होते. खेळ हा हौसेचा मामला आहे, त्यात पैसा येता कामा नये, असे लंडनच्या बाजूच्या प्रतिष्ठितांचे मत पडले. ज्यांना शनिवारची मजुरी बुडण्याची भीती नव्हती, त्यांना हे तत्त्व पाळणे सोपे होते. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि वेगळे झाले. पुढे १९०६ साली पंधराचे तेरा खेळाडू झाले आणि नियमही निराळे होत गेले.

या खेळाने गर्दीचा पुरावा कसा दिला? ५ मे १९५४ रोजी ब्रॅडफर्डच्या ओडसल मैदानावर वॉरिंग्टन आणि हॅलिफॅक्स यांच्यात चषकाचा अंतिम सामना पुन्हा खेळवला गेला. बुधवारची संध्याकाळ होती. अधिकृत आकडा १,०२,५६९. प्रत्यक्षात याहून कितीतरी अधिक माणसे आत शिरली होती, असे तेथे आजही मानले जाते. म्हणजे जिथे तिकीट होते, दरवाजा होता, मोजणारी माणसे होती, तिथेही मोजणी गर्दीपुढे हरली. सिडनीतील १९९९ च्या अंतिम सामन्याला १,०७,९९९ प्रेक्षक आले. तो आकडा अगदी एककापर्यंत ठाऊक आहे. तरीही लोककथा झाली ती ओडसलच्या संध्याकाळची.

नकाशाच्या पुराव्याची कथा याहून गुंतागुंतीची आहे. १९३४ मध्ये ज्याँ गालिया याच्या पुढाकाराने हा खेळ फ्रान्समध्ये रुजला आणि झपाट्याने वाढला. १९४१ मध्ये व्हिशी सरकारने त्यावर बंदी घातली आणि संघटनेची मालमत्ताही काढून घेतली. युद्धानंतर खेळ परत आला, पण ‘रग्बी’ हे नाव त्याला पुढची अनेक दशके लावता आले नाही. तो ‘तेराचा खेळ’ म्हणून जगला. पहिली विश्वचषक स्पर्धा १९५४ साली याच फ्रान्समध्ये झाली, हा त्यातला विरोधाभास. त्यानंतर विस्ताराचे अनेक प्रयोग झाले. टोरांटोचा संघ २०१७ मध्ये इंग्लंडच्या साखळीत उतरला आणि २०२० च्या महामारीत बाहेर पडला. २०२४ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियाच्या साखळीने आपला हंगाम थेट लास वेगासमध्ये सुरू केला. ४०,७४६ लोक आले. लेबनॉनचा संघ २००० च्या विश्वचषकात खेळला, पण त्यातले बहुतेक खेळाडू ऑस्ट्रेलियात वाढलेले, लेबनीज वंशाचे. नकाशावर एक देश रंगवला गेला. त्या देशातल्या शाळेच्या मैदानावर चेंडू पोचला होता का, हा प्रश्न निराळा.

गिरणी, मजुरी, नावाचा वाद, प्रतिष्ठितांची उपेक्षा, न मोजलेली गर्दी आणि परदेशी जाण्याची ओढ. हे सारे वाचताना लालबाग-परळच्या चाळी आठवल्या नाहीत, असा मराठी वाचक विरळा. गिरणगावातील कबड्डीही पाळी संपवून आलेल्या कामगारांनीच वाढवली.

*

आपल्याकडे या खेळाचे जुने नाव हुतूतू. संतांच्या रचनांत हमामा, हुंबरी, हुतूतू, चेंडूफळी ही खेळांची नावे रूपक म्हणून येतात, म्हणजे श्रोत्याला ती ठाऊक असणार हे गृहीतच धरलेले असते. तमिळनाडूत सडुगुडू, आंध्रात चेडुगुडू, बंगालात हाडुडू, उत्तरेत कबड्डी. ही सारी नावे एकाच गोष्टीची आहेत: श्वास रोखून उच्चारायच्या शब्दाची. जगात असे किती खेळ असतील, ज्यांत खेळाडूने ठरलेला शब्द अखंड उच्चारणे हाच नियम आहे? दम तुटला की डाव तुटला. येथे भाषा खेळाचे वर्णन करीत नाही. भाषा हाच खेळाचा श्वास आहे.

म्हणूनच या खेळाला एक नाव देणे ही साधी गोष्ट नव्हती. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत महाराष्ट्रात आणि बडोद्यात नियम बांधण्याचे काम सुरू झाले. संजीवनी, गनिमी, अमर असे निरनिराळे प्रकार होते. बाद झालेला गडी परत येणार की नाही, यावरून ते वेगळे पडत. त्यातला संजीवनीचा विचार टिकला: आपण प्रतिपक्षाचा गडी बाद केला की आपला बाद गडी जिवंत होतो. पुढे १९५० साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि देशभर एकच नाव रूढ झाले, कबड्डी. मराठीतले हुतूतू बोलीत उरले, नियमांच्या पुस्तकातून गेले. महाराष्ट्राने आपल्या अंगणातला खेळ देशाला देताना त्याचे घरगुती नाव उंबऱ्यापाशी ठेवले, असे म्हणता येईल. त्याबद्दल गळा काढण्याचे कारण नाही. दुसऱ्याच्या घरी नांदायचे तर नाव बदलते, हे आपल्याकडच्या लेकींना कोणी शिकवावे लागले नाही.

आणि मराठीने आपली परिभाषा मात्र जपली. चढाई, पकड, लोण, निदानरेषा, अव्वल पकड, सुवर्ण चढाई. क्रिकेटची मराठी परिभाषा घडवावी लागली आणि तिच्यातले बरेच शब्द कागदावरच राहिले. कबड्डीचे शब्द मैदानातून कागदावर आले.

*

परदेशगमनाचा पहिला मोठा प्रसंग १९३६ चा. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे गेले आणि त्याने मल्लखांबासह देशी व्यायामप्रकारांची व खेळांची प्रात्यक्षिके केली. त्यांत कबड्डीही होती. या प्रसंगाचा उल्लेख आपल्याकडच्या प्रत्येक क्रीडाविषयक भाषणात अभिमानाने होतो, आणि तो साहजिक आहे. पण इतिहास म्हणून पाहताना एक प्रश्न टाळता येत नाही: बर्लिनमध्ये त्यानंतर कबड्डी कोणी खेळले का? प्रात्यक्षिक आणि प्रसार यांत फरक आहे. प्रात्यक्षिकात समोरचा माणूस प्रेक्षक असतो; प्रसारात तो प्रतिस्पर्धी होतो.

प्रतिस्पर्धी घडायला चार दशके जावी लागली. १९७४ मध्ये भारतीय संघ बांगलादेशात गेला. तेथे हाडुडू आधीच अंगवळणी होता आणि नव्या राष्ट्राने कबड्डीला राष्ट्रीय खेळाचा मान दिला होता. १९७८ मध्ये आशियाई संघटना स्थापन झाली, १९८० मध्ये पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा कोलकात्यात झाली. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डी प्रात्यक्षिकापुरती होती. १९९० मध्ये बीजिंगला ती पदकाची झाली. या वाटचालीत ज्यांनी आयुष्य वेचले, त्या शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. १९९० ते २०१४ या काळात पुरुष गटात भारताने सलग सात सुवर्णपदके मिळवली. २००४ मध्ये मुंबईत आणि २००७ मध्ये पनवेलला विश्वचषक झाला. दोन्ही वेळा अंतिम सामन्यात समोर इराण होता आणि दोन्ही वेळा भारत जिंकला.

इराण का, याचे उत्तर खेळाच्या पूर्वेतिहासात सापडते. तेथे ‘झू’ नावाचा असाच खेळ पूर्वापार आहे. श्वास रोखायचा आणि ‘झू’ म्हणत समोरच्या अंगणात शिरायचे. बांगलादेशाप्रमाणे इराणलाही आपण खेळ दिला नाही. त्याच्याकडे जे होते त्याला नियमांचे पुस्तक दिले. खेळ परक्या भूमीत रुजतो तो बहुधा असा, जुन्या ओळखीच्या मुळावर कलम करून.

*

आता जकार्ता. २०१८ च्या ऑगस्टमध्ये आशियाई स्पर्धांत भारतीय पुरुष संघ गटात दक्षिण कोरियाकडून एका गुणाने हरला, आणि उपांत्य फेरीत इराणकडून २७–१८ असा. दुसऱ्या दिवशी महिलांचा अंतिम सामना होता. त्यातही इराणने भारताला २७–२४ असे हरवले. इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन.

त्या दिवशी आपल्याकडच्या प्रतिक्रिया आठवून पाहाव्यात. पराभवाचे दुःख होतेच. त्यात एक चमत्कारिक लाजही मिसळली होती. आपल्याच राज्यातली, आयुष्यभर मुलींना कबड्डी शिकवलेली एक बाई, ज्यांच्या अनुभवाचा उपयोग भारतीय संघाला करून घेता आला नव्हता, त्या परक्या देशात जातात, परकी भाषा थोडीफार शिकून घेतात, तिथल्या मुलींना योग आणि प्राणायाम शिकवतात, दम कसा राखायचा ते शिकवतात, आणि आपल्याला हरवतात. कोणी त्यांना नावे ठेवली, कोणी कौतुक केले. माझ्या मते या खेळाच्या इतिहासात बर्लिनपेक्षा जकार्ता मोठे आहे. बर्लिनमध्ये आपला खेळ दुसऱ्यांनी पाहिला. जकार्तात तो दुसऱ्यांचा झाला. जो खेळ आपल्याशिवाय कोणी जिंकू शकत नाही, तो अनेक देशांत पसरलेला आपलाच खेळ असतो. ज्यात आपण हरू शकतो, तोच जगाचा खेळ. आणि ते घडवणारी नाशिकची एक शिक्षिका असावी, संघटनेचा ठराव किंवा मंत्र्याचे भाषण नव्हे, हे अधिकच अर्थपूर्ण आहे.

पाच वर्षांनी हांगचौ येथे पुरुषांच्या अंतिम सामन्यात भारत आणि इराण पुन्हा समोरासमोर आले. ७ ऑक्टोबर २०२३. गुणफलक २८–२८. शेवटच्या दोन मिनिटांत राखीव क्षेत्रात कोण गेले आणि त्यामुळे कोण बाद, यावरून वाद पेटला. नियम जुना लावायचा की नवा, याचा निर्णय होईना. खेळ बराच वेळ थांबला. अखेर भारत ३३–२९ असा जिंकला. साहित्याच्या विद्यार्थ्याने या थांबलेल्या वेळाकडे लक्ष द्यावे. गावच्या मैदानावर वाद झाला की पंच जाणत्याकडे पाहतो आणि प्रश्न मिटतो. हांगचौला जाणता कोणी नव्हता. होती ती संहिता, आणि तिचे दोन पाठ. मौखिक परंपरेतून लिखित परंपरेत आलेल्या प्रत्येक गोष्टीला हा दिवस कधीतरी पाहावाच लागतो.

*

गर्दीच्या पुराव्याकडे परत येऊ. २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत वरळीच्या बंदिस्त क्रीडागृहात प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला आणि या खेळाचा प्रेक्षक पहिल्यांदा मोजला गेला. पहिल्या हंगामाला दूरचित्रवाणीवर ४३.५ कोटी प्रेक्षक लाभले, असा आकडा जाहीर झाला. क्रिकेटच्या साखळीखालोखाल तो होता. ‘अलोट’ आणि ‘तोबा’ यांची जागा अखेर संख्येने घेतली. पण ही गर्दी कुठे होती? मैदानावर नव्हती. २०२१-२२ चा हंगाम महामारीमुळे बंगळुरूच्या एका हॉटेलात प्रेक्षकांविना खेळवला गेला आणि तरीही खेळाचा व्यवहार अडला नाही. २०२५ च्या हंगामात विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली येथे सामने झाले; ज्या राज्यात या साखळीचा पहिला सामना झाला, त्या महाराष्ट्रातल्या एकाही शहराच्या वाट्याला ते आले नाहीत. मोजता येणारा प्रेक्षक मिळाला, तो जागेपासून सुटा झालेला.

यात सगळेच गमावले असे नाही. याच साखळीने आमच्या जिल्ह्याला एक दृश्य दिले, जे ओडसलच्या तोडीचे वाटते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या अहमदनगरच्या, एका गरीब घरातला मुलगा अस्लम इनामदार पुणेरी पलटणचा कर्णधार झाला. हांगचौच्या सुवर्णपदक विजेत्या भारतीय संघात तो होता. समोरच्या इराणच्या संघात मोहम्मदरझा शाडलू होता. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला, हे दोघे एकाच संघातून खेळले आणि पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८–२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. नगरचा मुलगा साखळी धरण्याची खूण करतो आणि इराणचा बचावपटू ती ओळखतो. ‘झू’ आणि ‘हुतूतू’ एका बाजूला उभे राहतात. नकाशावर किती देश रंगले, यापेक्षा विस्ताराचा हा पुरावा मला अधिक भरवशाचा वाटतो.

खो-खोची वाटही आता याच दिशेची आहे. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने ज्याचे नियम बांधले, त्या खेळाचा पहिला विश्वचषक २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत झाला. पुरुषांत प्रतीक वाईकर आणि महिलांत प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारताने दोन्ही अंतिम सामन्यांत नेपाळला हरवले. आनंद झालाच. पण कबड्डीच्या इतिहासाने शिकवलेला प्रश्न येथेही विचारायला हवा: खो-खोचे जकार्ता कधी येणार?

*

शेवटी राहुरीकडे. इतिहास मोजलेल्या गोष्टींचा सोपा असतो. दरवाजावर फाडलेली तिकिटे, जाहिरातदारांचे आकडे, सहभागी देशांची यादी. आमच्या तालुक्यातली गर्दी यांतल्या कशातच बसत नाही. गळिताचा हंगाम चालू असताना रात्री उशिरा मैदानाच्या कडेला बैलगाडी थांबवून दोन चढाया पाहून जाणारा ऊसतोड कामगार कोणत्या नोंदीत आहे? जी मुलगी शाळेच्या संघातून दोन वर्षे खेळली आणि लग्नानंतर पुन्हा कधी मैदानात उतरली नाही, तिची चढाई कोणी लिहिली? या प्रेक्षकांविना आणि खेळाडूंविना बर्लिन झाले नसते, बीजिंग झाले नसते, आणि अस्लम इनामदारही झाला नसता.

बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत सिद्ध केला, तेव्हा देशी खेळ कसे खेळतात हे त्यांनी लिहून ठेवले. ते कोण पाहते, हे लिहिण्याचे काम अजून बाकी आहे. ते भाषेच्या माणसांचे काम आहे, कारण साधने भाषेतलीच आहेत. गावोगावच्या मंडळांच्या निमंत्रणपत्रिका, भिंतीवरची पत्रके, तालुका साप्ताहिकांतल्या बातम्या, समालोचकांच्या ठेवणीतल्या म्हणी, पंचांच्या वह्या, आणि वयस्कर खेळाडूंच्या तोंडून सुटणारे, आता कोशातही नसलेले शब्द. महाविद्यालयातल्या मराठीच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी विषय नाही अशी तक्रार करू नये. आपल्या गावच्या मैदानापासून सुरुवात करावी.

ओडसलच्या त्या संध्याकाळी भिंतीवरून आत आलेल्यांची मोजणी झाली नाही. तरी ते होते, हे तिथल्या माणसांनी सांगत ठेवले, म्हणून आज आपल्यालाही ते ठाऊक आहे. आमच्याकडे तर साऱ्याच प्रेक्षकांनी भिंतीवरूनच सामने पाहिले. त्यांच्याविषयी निदान सांगत राहावे. सांगणारा थांबला की दम तुटतो.